जीपमधली पथारी

माणसाने चाळिशी ओलांडली की त्याच्या डोक्यात एखादे तरी खूळ शिरतेच, असे माझे निरीक्षण आहे. आमच्या कॉलेजात याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. इतिहास शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी होमिओपॅथीची पेटी घेतली, आणि आता स्टाफरूममध्ये कोणी नुसते शिंकले तरी ते साबुदाण्यासारख्या गोळ्या घेऊन धावत येतात. दुसऱ्या एकांनी गच्चीवर द्राक्षाचा वेल चढवला असून त्याला पाच वर्षांत आलेल्या सात द्राक्षांचे वर्णन आम्ही सर्वांनी ऐकले आहे. मी मात्र या साथीतून सुटलो अशा भ्रमात होतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला आणखी वेगळ्या खुळाची गरज नसते, असे आमच्या घरचे मत होते. पण वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी एक जुनी जीप विकत घेतली. आणि घेतली ती सरळ चालवावी, तर तेही नाही. तिच्यात झोपण्याची, चहा करण्याची आणि चार दिवस रानात राहण्याची सोय आपल्या हाताने करायची, असे मी जाहीर केले.

‘आपल्या हाताने’ हे शब्द ऐकून सौ. खुदकन हसली. माझ्या हाताने भिंतीत मारलेला एकही खिळा आजवर सरळ गेलेला नाही, हे तिला ठाऊक आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, हसले नाहीत. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारले, “का रे, घरात ढेकूण झाले का?”

या प्रश्नाचा रोख समजण्यासाठी अण्णांविषयी थोडे सांगायला हवे. अण्णा १९७० साली एका सरकारी खात्यात जीप-ड्रायव्हर म्हणून लागले आणि २००५ साली निवृत्त झाले. त्यांचा जन्म १९४७ चा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेसाठी बनलेल्या विलिस जीपचे सुटे भाग मुंबईत आणून जोडायला महिंद्रांनी सुरुवात केली तीही १९४७ मध्येच. देशाचे स्वातंत्र्य, जीप आणि अण्णा तिघेही एकाच वर्षी मार्गाला लागले, असे मी कौतुकाने म्हणत असतो. “आणि तिघांचेही पाटे आता बसलेत,” अशी पुस्ती अण्णा जोडतात.

तेव्हा असा माणूस मला म्हणत होता, “मी पस्तीस वर्षं जीपमध्ये झोपलो. पण मला त्याचा पगार मिळायचा. तू पदरचे पैसे घालून झोपणार?”

मी उत्तर दिले नाही. ते उत्तर त्यांच्यासमोर देण्यासारखे नव्हते. या खुळाचे वरवरचे कारण म्हणजे माझा मुलगा. त्याने मोबाइलवर मला काही चित्रे दाखवली होती. कोणी ऑस्ट्रेलियातला, कोणी आफ्रिकेतला गृहस्थ तीस-तीस वर्षांच्या जुन्या लँड रोव्हरमध्ये लाकडी खाट, फळ्यांचे खण आणि घडीची शेगडी बसवून वाळवंटात खुशाल लोळत पडलेला. “पप्पा, आपण असं करू या का?” असे म्हणून तो तासाभरात ते विसरलाही. मी विसरलो नाही. कारण तसले एक चित्र माझ्यापाशी फार दिवसांपासून जपलेले होते.

१९८८ साली मी नऊ वर्षांचा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा अण्णा मला आपल्याबरोबर दौऱ्यावर घेऊन गेले. साहेबांची घाटघरच्या बाजूला पाहणी होती आणि मुक्काम धरणाजवळच्या एका विश्रामगृहात. साहेबांना खोली होती, खानसाम्याला स्वयंपाकघरामागे कोठडी होती, आणि आम्हांला जीप होती. मागच्या दोन बाकांपैकी एकावर मोजणीचे सामान होते. दुसऱ्या बाकावर अण्णांनी घोंगडी दुमडून घातली आणि मला निजवले. हूडचा मागचा पडदा उघडा होता. समोर धरणाचे पाणी, वर आभाळभर चांदण्या, आणि आसपासच्या झाडांवर काजव्यांची अशी गर्दी की सगळे झाडच श्वास घेते आहे असे वाटावे. त्या रात्रीइतकी सुखाची झोप मला पुन्हा कधी लागली नाही. जीपमध्ये झोपणे ही जगातली सर्वांत मोठी चैन आहे, अशी माझी त्या रात्री जी समजूत झाली ती पुढे कित्येक वर्षे टिकली.

अण्णा त्या रात्री कोठे झोपले होते? पुढे. चालकाच्या बाजूला पाठ टेकवायची, पाय पलीकडच्या सीटवर टाकायचे, आणि मधल्या खाचेत, गिअरच्या दांड्याला चुकवून, कंबर कशीतरी अडकवायची. दौऱ्यावरून परत आले की अण्णा निम्मा दिवस वाकून चालत आणि आई विटकर तापवून फडक्यात गुंडाळून त्यांच्या कमरेला शेक देई. जीप चालवणारी माणसे अशीच चालतात, असे मला लहानपणी वाटत असे. या दोन गोष्टींची सांगड घालायला मला पस्तिशी गाठावी लागली.

बी. ए. च्या वर्गाला मी गेली वीस वर्षे प्रवासवर्णन हा साहित्यप्रकार शिकवीत आहे. निसर्गवर्णन, लोकदर्शन, लेखकाचे व्यक्तिमत्त्व अशी त्याची अंगे मी फळ्यावर लिहून देतो आणि मुले ती परीक्षेत जशीच्या तशी परत करतात. एकदा पेपर तपासता तपासता सहज मनात आले, की या सगळ्या प्रवासांत गाडी चालवणारा असतो, त्याचे एक ठरलेले वाक्यही असते. ‘ड्रायव्हरने गाडी थांबवली.’ लेखक खाली उतरतो, सूर्यास्त पाहतो, डाकबंगल्यात जेवतो, अंथरुणावर पडून वाऱ्याचा आवाज ऐकतो. ड्रायव्हर रात्री कोठे झोपला, हे कोणी लिहिल्याचे मला आठवेना. त्या दिवशी माझे पेपर तपासायचे राहिले.

तर अण्णांना पाय लांब करून जीपमध्ये एकदा झोपवायचे, आणि ज्या ठिकाणांच्या बाहेर त्यांनी आयुष्य काढले ती त्यांना आतून दाखवायची, हे माझे खरे कारण होते. पण वडिलांना असे काही सांगायची आमच्याकडे रीत नाही. मी म्हणालो, “हौस आहे, अण्णा.”

“मग कर,” अण्णा म्हणाले.

जीप मिळाली सिन्नरच्या बाजूला एका बागायतदाराकडे. १९९६ सालची, लांब अंगाची, डिझेलवर चालणारी आणि चारही चाकांना जोर देता येईल अशी. रंग ताजा, हिरवागार. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोनेटवर हात फिरवला आणि किंमत कबूल करून बसलो. घरी आणली तेव्हा अण्णांनी फ्रिजवर चिकटवलेले गणपतीचे चुंबक काढून आणले आणि ते जीपच्या अंगावर ठिकठिकाणी लावून पाहू लागले. बोनेटला गणपती घट्ट बसला. दाराखालच्या पट्टीवर तो घसरून खाली पडला. मागच्या चाकाच्या कमानीवरही पडला. “पत्रा असेल तिथे हा बसतो,” अण्णा म्हणाले. “पडतो तिथे सगळी लांबी भरलीये. रंगाऱ्याची जीप घेतलीस तू, मास्तर.” तळाचा रबरी गालिचा उचलला तर चालकाच्या पायाखालून आमच्या अंगणातली फरशी दिसली.

पुढचे दोन महिने जीप मिस्त्रीकडे होती. कुजलेला पत्रा कापून नवा मारणे, पाटे सोडवून त्यांत दोन नव्या पात्या घालणे, ब्रेकच्या नळ्या बदलणे, यांत जीपच्या किमतीचा निम्मा पैसा गेला. या बाबतीत मला जे शहाणपण मिळाले ते असे, की जुनी गाडी घेताना इंजिनाकडे सगळे पाहतात आणि पत्र्याकडे कोणी पाहत नाही. वास्तविक इंजिन उघडून पुन्हा बांधता येते. सांगाडा आणि तळ गंजला की मात्र दुरुस्तीला अंत नसतो. आणि खाट, पाणी, भांडी यांचे सगळे ओझे शेवटी त्या तळावरच यायचे असते.

दरम्यान मी वहीत खाटेच्या आकृत्या काढीत होतो. पहिली अडचण कायद्याने घातली. कायद्याच्या एका जाणकार मित्राने सांगितले, की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही. उत्पादकाने जशी बनवली आणि नोंदणीच्या पुस्तकात जशी लिहिली, तिच्याहून ती वेगळी करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले आहे. म्हणजे बाके उपटून टाकणे, छत उंच करणे, पत्रा कापून खिडकी काढणे, हे जे परदेशी चित्रांत पाहिले होते ते माझ्या वहीतून खोडले गेले. मी निश्चय केला, की जीपला एकही नवे भोक पाडायचे नाही. जे काही करायचे ते खाली उतरवता आले पाहिजे. खाट उचलली की जीप पुन्हा जीप! या बंधनाचा मला सुरुवातीला राग आला होता. पण वृत्तात लिहिणाऱ्या कवीला बंधनाचा जो फायदा होतो तोच मलाही झाला. नाहीतर मी त्या बिचाऱ्या जीपची काय दशा केली असती कोण जाणे.

दुसरी अडचण लांबीची. पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या फाळक्यापर्यंत जागा भरली पाच फूट दोन इंच. अण्णांची उंची पाच फूट दहा इंच. आता हे आठ इंच कोठून आणायचे? मी तिरकी खाट काढून पाहिली; तीत एकजण मावे आणि दुसरा बाहेर पडे. छतावर उघडणारा तंबू मिळतो, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने, ज्याला रात्री दोनदा उठावे लागते, त्याने शिडी कशी चढायची? मी तीन रविवार वहीत बुडालेला होतो. अण्णा रोज येऊन आकृतीवरून नजर फिरवीत आणि काही न बोलता जात. चौथ्या रविवारी त्यांना राहवले नाही. “अरे, फाळका खाली टाक की!” ते म्हणाले. “साखळ्यांवर आडवा राहतो तो. आम्ही त्याच्यावर जेवायचो.”

फाळका आडवा टाकल्यावर आणखी दीड फूट मिळाले. एकूण सहा फूट आठ इंच. वीस वर्षे छंद-अलंकार शिकवणाऱ्याला जी गोष्ट दिसली नाही ती सातवी पास माणसाला आधीपासून दिसत होती, आणि मी विचारण्याची तो वाट पाहत होता. यानंतर मी वही मिटली आणि प्रत्येक गोष्ट विचारून करू लागलो.

खाट बनली ती अशी. चौकोनी पाइपची हलकी चौकट दोन्ही बाकांवर टेकते आणि पट्ट्यांनी आवळली जाते. तिच्यावर तीन तुकड्यांचा प्लायवूडचा तक्ता. मी भक्कम म्हणून १९ मिलिमीटरचा आणणार होतो. मिस्त्रीने हिशेब घालून दिला, की आठ फूट बाय चार फुटांचा तो अख्खा तक्ता चाळीस किलोंच्या घरात जातो आणि १२ मिलिमीटरचा पंचवीसेक किलोंत भागतो. मजबुती चौकटीने द्यायची, तक्त्याने नव्हे. मधला तुकडा उचलला की खाली भांड्यांची पेटी. वीस-वीस लिटर पाण्याचे दोन कॅन, म्हणजे चाळीस किलो ओझे, मी सोयीसाठी अगदी मागे फाळक्याजवळ ठेवले होते. अण्णांनी ते उचलायला लावून पुढच्या सीटच्या पाठीला टेकवले. मागच्या आसाच्या पलीकडे ओझे गेले की गाडीचे नाक हलके होते, आणि चढावर नेमके तेव्हाच पुढच्या चाकांना जमीन धरायची असते, हे त्यांचे कारण.

फाळक्यावरून आलेल्या पायांना छप्पर हवे. बाजारात कांद्याच्या ढिगांना ताडपत्र्या शिवून देणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने माप घेतले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “कांदा किती क्विंटल?” मी म्हणालो, “कांदा नाही, वडील.” त्याने पुढे काही न विचारता हूडच्या मागे बांधायचा झकास पडदा शिवून दिला, वर आतून मच्छरदाणीचे कापडही लावले. फोमची गादी मी शहरातून मागवणार होतो. अण्णांनी घोंगडी हवी म्हणून हट्ट धरला. घोंगडीला रात्री ओल धरत नाही. बंद गाडीत दोन माणसांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमते आणि पहाटे ती थेंबथेंब अंगावर येते. म्हणून कितीही थंडी असली तरी पडद्याला दोन बाजूंनी चार-चार बोटे फट ठेवायची, हा नियमही तेव्हाच झाला. शेगडी आत पेटवायची नाही, हा दुसरा. बंद जागेत ज्वाळेपासून जो विषारी वायू साठतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. अण्णा याचे शास्त्र सांगू शकत नाहीत. त्यांनी फक्त दोनदा “नाही म्हणजे नाही” म्हटले.

विजेच्या बाबतीत मात्र मी माझेच खरे केले. जीपच्या बॅटरीला हात न लावता एक वेगळी बॅटरी पेटीत ठेवली आणि मुक्कामी बोनेटवर उघडून ठेवायचा शंभर वॅटचा सौर पत्रा घेतला. पाच वॅटचा दिवा चार तास आणि पंधरा वॅटचा पंखा आठ तास चालवला, तर रात्रीला एकशे चाळीस वॅट-तास लागतात. चांगल्या उन्हात हा पत्रा त्याच्या दुपटीहून अधिक वीज सहज भरून काढतो. हा हिशेब मी मोठ्या अभिमानाने अण्णांना समजावला. ते म्हणाले, “झोपायला दिवा कशाला लागतो?”

एकूण खर्चाचा आकडा मी येथे देणार नाही. सौ. ने तो बेरजेसह पाठ केला असून, एवढ्या पैशांत आपण दोघे किती वर्षे लॉजवर राहू शकलो असतो हे ती पाहुण्यांना सांगते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज उरकल्यावर, अण्णा आणि मी संगमनेरहून निघालो. अकोले, राजूर, शेंडी. अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचे, पण आम्हांला सकाळ लागली. जीप पन्नासच्या पुढे गेली की खाटेखालची भांडी भजन करू लागत. गाडी मी चालवीत होतो. पस्तीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवणे म्हणजे काय, हे ज्याने केले असेल तोच जाणे. अण्णा बोलत काहीच नव्हते. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय, जेथे ब्रेक नव्हता तेथे, दाबला जात होता.

१९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण, त्याचा दगडी बांध, मागे पसरलेले पाणी. अण्णा प्रत्येक जागेची ओळख करून देत होते, पण त्यांच्या परीने. “इथं गाडी सावलीत राहते.” “इथं उतारावर लावायला लागते.” “या टपरीवाल्याचा बाप उधारी द्यायचा.” जो देखावा पाहायला लोक पुण्यामुंबईहून येतात त्याच्याकडे त्यांची पाठ होती, कारण त्यांच्या आठवणीतली सगळी ठिकाणे वाहनतळांची होती.

रतनवाडीला आम्ही दुपारी पोचलो. हा सगळा मुलूख अभयारण्यात येतो. वाटेल तेथे तळ ठोकणे बरे नव्हे. एका घरी विचारून अंगणात जागा मागितली आणि मग अमृतेश्वराला गेलो. दाराशी अण्णा थबकले. “तू जाऊन ये,” म्हणाले. ते इथे किती वेळा आले असतील याचा त्यांनाही हिशेब नाही. साहेब लोक, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांची मुले यांना घेऊन. पण गाडी राखायला कोणीतरी हवे असे. मी जीपला कुलूप घातल्याचे दोनदा सांगितले तेव्हा ते आत आले. खांबांवरच्या कोरीव कामावरून त्यांनी हात फिरवला, जसा ते मिस्त्रीच्या कामावरून फिरवतात तसा, आणि सांधा कोठे आहे ते शोधू लागले. पुष्करणीच्या पायरीवर ते बराच वेळ बसून होते. रतनगडाच्या माथ्यावरचे नेढे मी त्यांना बोटाने दाखवले. ते म्हणाले, “ते माहितीये. ते गाडीतून दिसायचं.”

संध्याकाळी मी जीप लावली. अण्णांनी खाटेवर ताट ठेवून त्यात पाणी ओतले, पाणी कोणत्या काठाला जाते ते पाहिले, आणि उतारावरच्या चाकाखाली चपटा दगड सरकवायला लावला. डोके चढाला, पाय उताराला. नाहीतर रात्रभर रक्त डोक्यात उतरते आणि सकाळी माणूस चिडका होतो. पिठले आणि भाकरी झाली. नऊ वाजता मी अभिमानाने पडदा बांधला, अण्णांना पायरीवरून आत घेतले, ते घोंगडीवर आडवे झाले, आणि त्यांचे पाय फाळक्यापर्यंत सरळ गेले. माझे माप चुकले नव्हते. मी त्यांच्या शेजारी पडलो आणि कृतार्थ होऊन झोपलो.

मध्यरात्रीनंतर केव्हा तरी जाग आली तेव्हा शेजारी कोणी नव्हते. मी घाबरून उठलो. पुढच्या बाजूने ओळखीचे घोरणे ऐकू आले. अण्णा पुढे होते. पाठ चालकाच्या बाजूला, पाय पलीकडच्या सीटवर, कंबर मधल्या खाचेत. मफलर बांधलेला. मी हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले.

त्यानंतर मला झोप लागली ती थेट उजाडताना मोडली. बाहेर पावले वाजली, कपबशीचा आवाज आला, आणि घरधन्याचा मुलगा दबक्या आवाजात अण्णांना विचारीत होता, “साहेब उठले का?”

“उठवतो,” अण्णा म्हणाले. “त्यांना आधी द्या.”

पडदा बाजूला झाला आणि चहाचा कप आत आला. मी तो घेतला. काय बोलावे ते त्या क्षणी सुचले नाही, असे मी आता म्हणतो. वर्गात शब्दाला शब्द लावणारा माणूस मी. पण पांघरुणात बसून मी तो चहा प्यायलो, आणि पुढे अण्णा आपला कप येण्याची वाट पाहत हात चोळीत होते ते मला सीटच्या पाठीवरून दिसत होते. खाली उतरल्यावर मी त्या मुलाला सांगितले, “हे माझे वडील आहेत.” तो बिचारा ओशाळला. अण्णा माझ्यावरच रागावले. “कशाला सांगितलंस? त्याचं काय चुकलं? पुढं झोपलेला माणूस ड्रायव्हरच असतो.”

घाटघरच्या वाटेवर मी त्यांना विचारले, “खाटेवर काय बोचत होतं?”

“बोचत काही नव्हतं. चांगली आहे खाट.” बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “पाय सरळ झाले की माणूस पुरा झोपतो. दुमडलेले असले की अर्धा जागा राहतो. गाडी राखायची तर अर्धं जागं राहावं लागतं. आता सवयच झाली.”

घाटघरला त्यांच्या सेवेच्या शेवटच्या वर्षांत जलविद्युत प्रकल्पाचे काम चालले होते. तो २००८ साली सुरू झाला तेव्हा अण्णा घरी बसले होते. विजेची मागणी कमी असते त्या वेळी कोकणातल्या खालच्या तलावातले पाणी पंपांनी वर घाटमाथ्यावर चढवायचे, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून अडीचशे मेगावॉट वीज काढायची, अशी ती योजना. इंजिनिअर लोकांना याच वाटेने वर्षानुवर्षे आणणाऱ्या अण्णांनी तो भरलेला वरचा तलाव प्रथमच पाहिला. “पाणी वर चढवायचं, खाली सोडायचं,” ते म्हणाले. “दौराच की.” कड्याच्या कठड्यापाशी खाली कोकणात दिवे लागेपर्यंत आम्ही उभे होतो. जीप मागे शंभर पावलांवर होती, आणि अण्णांनी वळून तिच्याकडे फक्त तीनदा पाहिले.

त्या रात्री गावातल्या एका अंगणात जीप लावली. ताटातले पाणी पाहिले, दगड लावला. अण्णा पायरीवर पाय ठेवून घुटमळले. मी माझी चादर आणि मफलर पुढच्या सीटवर टाकले होते.

“हे काय?”

“आज गाडी मी राखतो,” मी म्हणालो. “तुम्ही मागे.”

“तुला जमायचं नाही.”

“नाही जमलं तर उठवीन तुम्हांला.”

ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि आश्चर्य म्हणजे काही न बोलता आत गेले. मी पडदा बांधला, चार बोटे फट ठेवली, आणि पुढे येऊन चालकाच्या बाजूला पाठ टेकवून पाय पलीकडे टाकले. गिअरचा दांडा बरोबर तेथे लागतो जेथे तो लागू नये असे वाटते. मी डावीकडे सरकलो तर स्टिअरिंग बरगडीत येई, उजवीकडे सरकलो तर गार पत्रा पाठीला लागे. दहा मिनिटांनी मागून आवाज आला.

“हँडब्रेक ओढलाय ना?”

“ओढलाय.”

“गिअरमध्ये आहे?”

“आहे.”

“दगड?”

“तुम्हीच लावायला लावलात.”

पुन्हा शांतता. मग थोड्या वेळाने घोरणे सुरू झाले. कालच्यापेक्षा ते जड होते, एकेका श्वासाला तळ असावा तसे. मी जागा होतो. रात्र किती लांब असते हे सरळ झोपणाऱ्याला कळत नाही. कुत्रे भुंकले, वारा हूडखाली शिरला, लांब कोठे तरी एक ट्रक चढ चढून गेला, आणि मी प्रत्येक आवाजाचा हिशेब ठेवीत बसलो. तीनच्या सुमारास डावी मांडी इतकी बधिर झाली की मला उतरावेच लागले. लंगडत मागे गेलो. पडद्याच्या फटीतून फाळक्यावरची घोंगडी दिसत होती, आणि तिच्याबाहेर आलेली अण्णांची दोन पावले. सरळ, आभाळाकडे टाचा रोवून ठेवल्यासारखी. मी घोंगडी त्यांवर ओढली.

घोरणे थांबले. “कोण ए?”

“मी.”

“रात्रीचं गाडी सोडून उतरू नये,” अण्णा म्हणाले, आणि कुशीवर वळले.

मी परत पुढे जाऊन बसलो.